गेल्या वर्षीची हवा

“मग तो वारा कुणाचा होता?”

“आई, हळू बोल. बाबा झोपलेत.”

“झोपलेत कसले! तुझ्या बायकोनं गोळी दिलीय म्हणून पडलेत. मी विचारतेय, सकाळी त्या स्क्रीनवर जो वारा सुटला होता, तो कुणाचा?”

मागच्या खोलीत मुलगा कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. सून दारात उभी होती. तिच्या हातात इस्त्रीचे कपडे होते आणि ते ठेवायला आत जावं की बाहेरच थांबावं हे तिला कळत नव्हतं.

“गेल्या वर्षीचा,” मुलगा म्हणाला.

“म्हणजे?”

“गेल्या वर्षी याच तारखेला वादळ झालं होतं. कोपऱ्यावरचं झाड पडलं होतं बघ. तो.”

“आणि परवा पाऊस दाखवत होतं तो?”

“तोही.”

“आणि थंडी? भर उकाड्यात माणूस स्वेटर घालून फिरतोय, ती थंडी?”

“सगळंच, आई. गच्चीवरचं यंत्र बंद पडलंय. कधीचंच. त्याचा बिघडलेला भाग आता कुणी बनवत नाही. मी काय करणार होतो? म्हणून गेल्या वर्षीचे आकडे लावून दिले. तीच तारीख, तीच वेळ. प्रोग्रॅमला वाटतं गच्चीवरूनच येतायत. बाबांनाही तसंच वाटावं, एवढंच.”

आईनं सुनेकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

सुनेनं कपडे छातीशी धरले.

“अगं, तुलाही माहीत होतं! म्हणजे घरात मी एकटीच शहाणी. रोज सकाळी उठून त्या हिरव्या ठिपक्याकडे बघतेय आणि म्हणतेय, चालू आहे गं बाई, आजही चालू आहे.”

त्या ठिपक्यामागे या घराचं बरंचसं आयुष्य होतं, म्हणून ते आधी सांगायला हवं.

गल्लीत आणि गिरणीत त्या घरच्या कर्त्या माणसाला सगळे ओलावामास्तर म्हणत. त्यांनी जन्मात कुणाला शाळेत शिकवलं नव्हतं. ते सूतगिरणीत होते आणि सूत कातायच्या खात्यात हवा किती ओली आहे हे बघणं हे त्यांचं काम होतं. हवा कोरडी पडली की धागा तटातट तुटतो आणि फार ओली झाली की रुळांना चिकटतो. खात्याच्या खांबांवर जोडीजोडीनं काचेच्या नळ्या लावलेल्या असत. एकीच्या बुडाला ओल्या कापडाची टोपी, दुसरी कोरडी. दोन्हींतला पारा वाचायचा, फरक काढायचा, आणि त्या हिशेबानं छताजवळचे फवारे सोडायचे किंवा बंद करायचे. नोकरीभर मास्तर हेच करत आले. मास्तरांची बायको म्हणून त्यांच्या पत्नीला गल्ली मास्तरीणबाई म्हणायची. “मास्तरीण असून एकाही पोराचे कान धरायला मिळाले नाहीत,” असं त्या म्हणत. आणि नवऱ्यावर रागावल्या की म्हणत, “सगळा ओलावा गिरणीत सोडून येतात, घरी येतं ते कोरडं फडकं.”

मास्तर कोरडे नव्हते. कमी बोलायचे इतकंच. पण एका बाबतीत त्यांचं तोंड सुटायचं. खात्यात नवा माणूस आला, हात हवेत फिरवून “आज दमट आहे नाही?” असं म्हणाला, की मास्तर त्याला खांबाशी घेऊन जायचे. “कातडी खोटं बोलते. तू जेवून आलायस की उपाशी आहेस, भांडून आलायस की हसून, यावर तिचं मत ठरतं. काचेला पोट नाही आणि काचेला बायको नाही. विचारायचं ते काचेला.” हे वाक्य गिरणीत इतकं माहीत होतं की कामगार आपापसात नक्कल करायचे. गंमत अशी की मास्तरांची स्वतःची कातडी कधी चुकत नसे. दारातून आत पाऊल टाकलं की त्यांच्या तोंडून आकडा यायचा आणि काच तोच दाखवायची. पण आधी आकडा सांगितल्याबद्दल तेच ओशाळायचे आणि मान हलवत काचेकडे जायचे.

गिरणी बंद पडली तेव्हा मास्तर निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. ते घरी बसले आणि त्यांनी हातपाय गाळले. सकाळी उठून खिडकीशी उभे राहायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि परत पलंगावर बसायचे. मुलगा तेव्हा नुकता एका कचेरीत कॉम्प्युटरच्या कामाला लागला होता. त्यानं एक दिवस मोठं खोकं आणलं. त्यात घरगुती हवामान केंद्र होतं. वाऱ्यानं गरगरणाऱ्या तीन वाट्या, पाऊस मोजायचं नळकांडं, एकावर एक रचलेल्या पांढऱ्या तबकड्या आणि त्यांच्या पोटात ऊन न लागता हवा वाचणारं यंत्र. बापलेकांनी मिळून गच्चीवर खांब उभा केला. मास्तरीणबाई खालून ओरडत होत्या, “पडाल दोघं! आणि पडलात तर माझ्या कुंड्यांवर पडू नका!” वरून मास्तर हसत होते. इतकं मोठ्यानं हसताना त्यांना मुलानं पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण तो स्क्रू पिळायचा थांबून बापाकडे बघत राहिला होता.

वरच्या यंत्राचे आकडे हवेतून खाली यायचे. मागच्या खोलीतल्या टेबलावर एक छोटा रिसीव्हर ते पकडायचा, आणि केबलीतून कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमला द्यायचा. स्क्रीनवर गोल तबकड्या, वाऱ्याचा काटा, पावसाचा निळा खांब, आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका. ठिपका हिरवा म्हणजे सगळं चालू. मास्तरांना नवी काच मिळाली. सकाळी आंघोळ करून ते तिच्यासमोर बसायचे आणि घराला हवा सांगायचे. सुनेनं कपडे वाळत कुठे घालायचे, मुलानं छत्री न्यायची की नाही, हे तिथून ठरायचं.

पण ते प्रकरण चालू ठेवणं म्हणजे रोज उठून नवं लफडं. जुना कॉम्प्युटर सदोदित चालू ठेवायचा, तर तो मधेच स्वतःला काहीतरी नवीन घालून घ्यायचा आणि कुणाला न विचारता बंद होऊन परत उठायचा, आणि उठल्यावर हवामानाचा प्रोग्रॅम सुरू करायला विसरायचा. स्क्रीनला झोप लागली की केबलीलाही झोप लागायची आणि ती उठायचीच नाही. वीज गेली की आकड्यांची फाईल अर्धवट लिहिलेली राहायची आणि मग प्रोग्रॅम उघडायलाच नकार द्यायचा, रुसलेल्या जावयासारखा. मुलानं एकेक दुखणं काढलं. बॅटरी बसवली. झोप बंद केली. कॉम्प्युटर उठल्याबरोबर प्रोग्रॅमही उठेल असं केलं. आणि त्यावर राखण करायला दुसरा एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला. पहिला गप्प बसलाय असं दिसलं की दुसरा त्याला मारून परत उभा करायचा. मास्तरांना त्याचं फार कौतुक. “फवाऱ्यावर मुकादम ठेवलाय याने,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

एवढं करूनही कधीतरी ठिपका लाल व्हायचाच. मुलगा कामावर असायचा. मग मास्तरीणबाईंनी त्याच्याकडून क्रम शिकून घेतला. आधी प्रोग्रॅम बंद, मग केबल उपसायची, थोडं थांबायचं, केबल परत खोचायची, रिसीव्हरचा दिवा लागू द्यायचा, आणि मगच प्रोग्रॅम उघडायचा. उलट केलं की सगळं मुसळ केरात. त्यांना आकड्यांतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ठिपका हिरवा झाला की त्यांचं काम संपलं. “दूध उतू गेलं नाही एवढं बघते, साय किती आली ते तुमचं तुम्ही बघा,” असं त्या म्हणायच्या.

मास्तर विसरायला लागले ते त्यानंतर काही वर्षांनी. आधी चष्मा, मग शेजाऱ्याचं नाव, मग जेवलो की नाही. तेव्हाही स्क्रीनसमोर बसले की ते जुने मास्तर असायचे. मात्र ठिपका लाल झाला की त्यांचं भान सुटायचं. बायकोनं केबल काढून लावेपर्यंतही धीर नसायचा. मुलाला कचेरीत फोन. तो ठेवला की परत फोन, कारण आधीचा केलेला आठवत नसे. साहेबानं मुलाला दोनदा सुनावलं. सुनेनं घरी सुनावलं ते वेगळंच. मुलाच्या अगदी नाकी नऊ आले.

मग एक दिवस ठिपका लाल झाला तो झालाच. मास्तरीणबाईंनी सगळा क्रम करून हात टेकले. मुलगा गच्चीवर गेला, बऱ्याच वेळानं खाली आला, दार लावून कॉम्प्युटरशी बसला, आणि जेवायच्या वेळी म्हणाला, “जमलं. आता त्रास नाही देणार.”

आणि खरंच त्रास संपला. ठिपका कायमचा हिरवा झाला. फोन थांबले. घर कसं शांत झालं. मास्तरीणबाई शेजारणीला सांगत सुटल्या, “काय केलं कुणास ठाऊक पोरानं, पण सोन्यासारखं केलं. वीज गेली तरी हूं की चूं नाही.” कसं थांबेल? ज्याला गच्चीवरचं काही ऐकायचंच नाही त्याला अडचण कसली? हे त्यांना आता कळत होतं.

तेव्हा एवढंच दिसत होतं की मास्तर उतरत चाललेत. सकाळी ते कपाळाचा घाम पुसत यायचे, म्हणायचे, “उकडतंय,” आणि स्क्रीनसमोर बसून आकडा बघायचे. मग दंडावरून हात फिरवायचे. पुन्हा आकडा बघायचे. पुन्हा हात. शेवटी उठून स्वेटर काढून आणायचे. यंदा उन्हं लवकर तापली होती आणि गेल्या वर्षी याच दिवसांत थंडी लांबली होती. मास्तर घामानं निथळत स्वेटरात बसायचे. बायकोनं ओढून काढला तर म्हणायचे, “राहू दे. थंडी आहे. मला कळत नाहीये, पण आहे.”

ते डॉक्टरांकडे गेले तेव्हा डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, आणि मग खिडकीकडे बोट करून विचारलं, “आज बाहेर हवा कशी आहे?”

खिडकीतून टेबलावर ऊन पडलं होतं. मास्तरांनी ते पाहिलं. “रिमझिम आहे,” ते म्हणाले. “मला ऊन दिसतंय, पण ते तुम्ही धरू नका.”

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर ते मुलाशी बोलले. त्याच आठवड्यात शहराबाहेरच्या एका निवासाचं पत्रक घरात आलं. विसरणाऱ्या माणसांना तिथं ठेवत. जागा मिळायला वेळ लागतो, पण ती मिळाली. येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी न्यायचं ठरलं. मास्तरीणबाई नाही म्हणत होत्या, पण त्यांच्या नाहीमध्ये जोर उरला नव्हता. ज्या माणसाला डोळ्यांसमोरचं ऊन ऊन वाटत नाही त्याच्यासाठी भांडायचं तरी कशाच्या जिवावर?

आणि आज सकाळी हे झालं. रविवार होता, सगळे घरात होते. मास्तर मागच्या खोलीतून धावत आले. “खिडक्या लावा! दारं लावा! गच्चीवरची कपड्यांची दोरी सोडा!” ते एकामागून एक खिडकी ओढून लावत होते. बोट चेमटलं, तिकडे लक्ष नाही. मुलगा वर्तमानपत्र धरून जागच्या जागी उभा. सून ओट्याशी उभी. समोरच्या झाडाचं पान हलत नव्हतं.

“अहो, वारा कुठाय?” मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तर थांबले. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग तिघांकडे पाहिलं. लहान मुलासारखं बोट तोंडात घालून ओलं केलं आणि उघड्या दारात वर धरलं. बराच वेळ धरलं. मग हात खाली आला.

“वारासुद्धा लागत नाही आता मला,” ते म्हणाले.

“मलाही नाही लागत! नाहीच्चे वारा!”

“तू माझं मन राखायला म्हणतेस.” आणि ते तिथंच, उंबऱ्यावर, तोंड झाकून रडायला लागले.

मुलाच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं. त्याचा चेहरा बघूनच आईला काय ते कळलं होतं. आजारी बापाकडे बघणाऱ्याचा तो चेहरा नव्हता. चोरी पकडली गेलेल्याचा होता.

“तुझे बाबा वेडे नाहीत,” आता मागच्या खोलीत त्या म्हणत होत्या. “उकडत होतं तेव्हा त्यांना उकडत होतं. ऊन होतं तेव्हा ऊन दिसत होतं. तू त्यांना वेडं केलंस. आणि त्याच वेडाच्या जोरावर पुढच्या सोमवारी पोचवायला निघालास!”

“आई, ते मला ओळखत नव्हते गेल्या आठवड्यात! ते काय प्रोग्रॅममुळे?”

“ते वेगळं.”

“वेगळं कसं? सगळं एकच आहे. तुला काय वाटतं, मला हौस आली होती? फोन घेऊन घेऊन माझा कान सुजला होता. ते रडायचे गं फोनवर. ‘काटा हलत नाही, काटा हलत नाही.’ मी साहेबासमोर उभा, आणि बाप तिकडे रडतोय. मला फक्त ते थांबवायचं होतं.”

सून पहिल्यांदाच बोलली. “आई, यांनी ते केलं त्या दिवशी हे जेवले नव्हते.”

“जेवायचं होतं! जेवून खरं सांगायचं होतं!” असं म्हणत मास्तरीणबाई वाकल्या आणि त्यांनी भिंतीतला प्लग उपसला. बॅटरी थोडा वेळ टिकटिकत राहिली. तीही बंद केली. एवढी वर्षं जो पडदा काळा होऊ नये म्हणून त्या धावल्या, तो काळा झाला.

संध्याकाळी मास्तर उठल्यावर मुलगा त्यांच्यापुढे खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण काही लपवलं नाही. मास्तर लक्ष देऊन ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला.

“म्हणजे ऊन होतं?”

“होतं, बाबा.”

“आणि आज वारा नव्हता?”

“नव्हता.”

“म्हणजे मी बरोबर होतो!” त्यांनी बायकोकडे पाहिलं. “ऐकलंस? मी बरोबर होतो.” मग मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “पण प्रोग्रॅम चांगला लिहिलास हं. एकदाही थांबला नाही.”

मुलगा उठून बाहेर गेला. मास्तरीणबाईंना वाटलं, आता जुने मास्तर येतील परत. सगळे नाही, पण निम्मे तरी. त्यांनी मनातल्या मनात सोमवार पुसून टाकला. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

सकाळी मास्तर आंघोळ करून मागच्या खोलीत गेले आणि काळ्या पडद्यासमोर बसले. “बंद आहे,” ते म्हणाले.

मास्तरीणबाईंनी सांगितलं. यंत्र मेलंय. गेल्या वर्षीचे आकडे होते. पोरानं लावले होते.

“आपल्या पोरानं? मला फसवलं?” चेहरा पडला. कालचा आनंद त्यांना आठवत नव्हता, आणि या वेळी तो झालाही नाही. दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा तेच. दर वेळी बातमी नवी आणि दर वेळी लेकानं फसवल्याचं दुःख नवं. तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनी लेकाचं नाव गाळायला सुरुवात केली. नुसतं म्हणायच्या, “यंत्र मेलं हो.” मग मास्तर यंत्रासाठी डोळे पुसायचे.

त्यांनी आणखी एक करून पाहिलं. मास्तरांचा हात धरून खिडकीबाहेर काढला. “राहू दे ते यंत्र. तुम्ही सांगा, आज किती ओलावा? सांगा बघू. गिरणीत दारातून सांगायचात.”

मास्तरांनी हात मागे घेतला. “काचेशिवाय कसं सांगणार?”

“अहो, तुमची कातडी कधी चुकली नाही!”

“कातडी खोटं बोलते,” मास्तर म्हणाले. सगळं विसरले होते, हे तेवढं पक्कं होतं.

गुरुवारी सकाळी त्या भाजी आणायला गेल्या. सून कपडे धूत होती. परत आल्या तर दार उघडं आणि मास्तर नाहीत. गल्ली, बस थांबा, दवाखाना, सगळं पालथं घातलं. मुलगा काम टाकून आला. ऊन माथ्यावर आलं तेव्हा एक पहारेकरी त्यांना हाताला धरून घेऊन आला. जुन्या गिरणीच्या जागी आता फर्निचरचं मोठं दुकान होतं, त्याच्या फाटकावरचा. पायात चपला नव्हत्या. तळवे भाजून लाल झाले होते. अंगात स्वेटर होता.

“आत सोडा म्हणत होते,” पहारेकरी म्हणाला. “घरात काच नाही म्हणाले. वाचून लगेच येतो, नाहीतर सूत तुटेल. मी म्हटलं आजोबा, इथे पलंग विकतात. तर हात जोडायला लागले हो मला.”

सुनेनं त्याला पाणी दिलं. मास्तरीणबाईंनी टबात गार पाणी घेतलं आणि मास्तरांचे पाय त्यात ठेवले. “दुखतंय का?” त्यांनी विचारलं.

मास्तरांनी पायांकडे पाहिलं. “कळत नाही,” ते म्हणाले. “किती आहे आज?”

मास्तरीणबाईंनी पाय पुसले, मलम लावलं, त्यांना निजवलं, आणि त्या शेजारी बसून राहिल्या. रविवारची सकाळ त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. वादळ स्क्रीनवर होतं हे खरं. पण मास्तर रडले ते वादळाला भिऊन नव्हते रडले. खिडक्या लावत ते एकटे धावत होते आणि बाकीचे तिघं उभे राहून बघत होते. एक जरी जण उठून दुसरी खिडकी लावायला गेला असता, तर त्यांना बोट ओलं करावं लागलं नसतं. जे गेलं ते परत येणार नव्हतं. यंत्र चालू असो की बंद, खरं सांगा की खोटं, त्यांची कातडी त्यांना परत मिळणार नव्हती. खरं सांगितल्याचं समाधान फक्त सांगणारीला होतं, आणि ते या चार दिवसांत त्यांचं पोटभर घेऊन झालं होतं.

जेवायला तिघं बसले. मुलगा म्हणाला, “आई, बघितलंस ना आता? मी निवासाला फोन करून सांगतो, सोमवारी नक्की म्हणून.”

“फोन कर,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “येत नाही म्हणून सांग.”

“अगं, आज ते गाडीखाली आले असते!”

“काच शोधायला गेले होते. काच घरात असली की ते कुठे जात नाहीत. इतक्या वर्षांत कधी गेले?” त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारला. “जेवण झालं की मागच्या खोलीत जा आणि ते परत लाव. गेल्या वर्षीचंच लाव. संपलं की त्याच्या आधीच्या वर्षीचं लाव.”

मुलाचा घास हातात राहिला. “तूच म्हणालीस ना, मी वेडं केलं त्यांना? खोटं आहे म्हणून प्लग तूच उपसलास.”

“खोटंच आहे. लाव.”

“आणि परत वादळ आलं म्हणजे?” सुनेनं विचारलं. “परत घामात स्वेटर घालून बसले म्हणजे?”

“तर मीही घालीन. आणि वादळ आलं तर तू पुढच्या खिडक्या लाव, मी मागच्या लावते, हा गच्चीवरची दोरी सोडील. पाऊस असला की कपडे आत वाळत घालायचे. डॉक्टरांना मी सांगेन काय सांगायचं ते.”

“आई, लोक काय म्हणतील?”

“लोकांना आपल्या घरात राहायचं नाहीये.” त्या उठल्या आणि आपलं ताट उचललं. “आजपासून या घरात स्क्रीनवर असेल तीच हवा. ज्याला पटत नसेल त्यानं बाहेर जाऊन बघून यावं, पण आत येऊन सांगू नये.”